चाकाला दिलेलं वंगण

मी लवकर हादरणारा माणूस आहे. डब्यात सांगितलेल्या भाजीऐवजी दुसरी निघाली तरी मी "अरे, हे काय!" म्हणून ओरडतो आणि स्टाफरूममधली मंडळी हसतात. हादरलो की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की समोरच्याचं ऐकू येत नाही. हा दोष मला आधीपासून माहीत होता. तो किती महागात पडू शकतो, ते मात्र जुनी गाडी घेतल्यावर कळलं.

गाडी हौसेनं घेतली नव्हती. आईच्या किडन्यांनी काम थांबवलं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तिला नेरहून यवतमाळला न्यावं लागू लागलं. दोन महिने आम्ही एसटीनं केलं. जाताना ठीक असायचं, येताना तिच्यात जीव नसायचा. एकदा मी तिकिटाचे सुट्टे आणायला गेलो, परत येऊन पाहतो तर आई बसस्टँडच्या फरशीवर, लोकांच्या चपलांमध्ये, पिशवीला टेकून बसलेली. "उभं राहवत नाई रे बाबू," एवढंच म्हणाली. मी तिला उठवलं, बसमध्ये बसवलं आणि खिडकीकडे तोंड करून रडलो. गाडी घ्यायची हे त्या दिवशी ठरलं. नवीन घेण्याइतकी ऐपत नव्हती, तेव्हा जुनीच.

मग जुन्या गाड्यांच्या दुनियेत शिरलो आणि धक्क्यांना सुरुवात झाली. जी गाडी बघावी ती डॉक्टरांनी वापरलेली. जिल्ह्यात एवढे डॉक्टर आहेत हे मला गाड्या बघायला लागल्यावरच कळलं. पुसदला एका गाडीची मॅट उचलली तर खाली वाळलेला गाळ, आणि त्या गाळात सोयाबीनचं बोटभर रोपटं! गाडी पुरात बुडाली होती हे उघड होतं, पण विकणारा शांतपणे म्हणाला, "शेतावर नेत होते साहेब, दाणा पडला असन." उमरखेडला तर पुढची अर्धी गाडी एका साली बनलेली आणि मागची अर्धी दुसऱ्या साली. मधे जोड होता, वर रंग होता. मी ओरडून ओरडून परत आलो.

शेवटी यवतमाळात एका निवृत्त कारकुनाकडे बारा वर्षं जुनी पांढरी छोटी गाडी मिळाली. त्यांनी वही उघडली आणि मला गाडीचे दोष वाचून दाखवले. मागची डावी काच खाली जात नाही. स्टिअरिंग सरळ असेल तरच हॉर्न वाजतो. धूळ बसली की पुढचं डावं चाक ब्रेक मारताना कुरकुरतं. विकणारा स्वतःच्या तोंडानं दोष सांगतोय, याचाच मला मोठा धक्का बसला. मी घासाघीस न करता गाडी घेतली.

नेरला आमच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. पन्नाशीचा माणूस, बोलणं अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी, पाना हातात असला की मान वर करत नसे. त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकलं आणि मला जुन्या गाडीचा संसार समजावला. "पहिले ब्रेक, मंग टायर, मंग इंजिन. एसी, रंग सब बाद में. जे गाडी थांबवते त्याच्यात कंजूसी नाई कराची, सर." बाकीच्या गोष्टींत मात्र त्यानं मला कंजुषी शिकवली. डायनामो नागपूरच्या भंगारातून निघालेला आणून बसवला, रेडिएटरची गळती नवीन न टाकता झाळून दिली. कुरकुरणाऱ्या चाकाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "धुळीनं वाजते. वाजू द्या. ब्रेकचे पॅड अजून चांगले हायेत, फुकट पैसे कायले घालता?"

गाडी आली आणि आईपेक्षा जास्त फरक बाबांमध्ये पडला. गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांनी आदल्या वर्षी वावर ठेक्यानं दिलं होतं आणि बैलजोडी विकली होती. आईच्या दुखण्यामुळे दोघं गाव सोडून नेरला माझ्याकडे राहायला आले. साठ वर्षं हातात कासरा धरलेला माणूस दिवसभर खाटेवर बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघायचा. गाडी दारात उभी राहिल्यावर त्यांना काम मिळालं. सकाळी उठून तिच्याभोवती एक फेरी, संध्याकाळी दुसरी. फडक्यानं पुसायचे, टायरमधले खडे काडीनं काढायचे. यवतमाळला निघताना बॉनेटवर थाप मारून "चाल" म्हणायचे, मगच पुढच्या सीटवर बसायचे.

फक्त ती कुरकुर त्यांना सहन होत नसे. चाक वाजलं की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. आमच्या गावात ज्याच्या बैलबंडीचं चाक कुरकुरतं तो माणूस आळशी समजला जाई. पिंपळाच्या पारावर बसलेले लोक आवाजावरून सांगायचे, अमक्याची बंडी आली, यानं वंगण दिलेलं नाही. बाबांची बंडी आवाज न करता यायची, घराच्या दाराशी पोचेपर्यंत कळायची नाही, असं आई अजून कौतुकानं सांगते. मी बाबांना म्हटलं, मिस्त्री म्हणतो वाजू द्या. ते खाली वाकून त्या चाकाकडे बघू लागले.

कापसाचे दिवस होते. त्या सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे निघालो, आई मागे उशीला टेकून, बाबा पुढे. गल्लीतून हळूहळू बाहेर पडलो, हमरस्त्याला लागलो. रस्ता मोकळा होता. मला आठवतं, आई म्हणाली, "आज कशी चूप हाय गाडी," आणि बाबा हसले. पुढे एका नाल्याच्या पुलाआधी उतार आहे. समोरून कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येत होती, कापूस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर ओघळलेला. मी ब्रेक दाबला.

गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली. स्टिअरिंग माझ्या हातातून कोणीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. आम्ही सरळ ट्रॉलीच्या तोंडाशी! मी ब्रेक सोडला, जीव खाऊन स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, ट्रॉलीचा कापूस माझ्या बाजूच्या काचेला घासून गेला आणि गाडी रस्ता सोडून खाली तुरीच्या वावरात जाऊन उभी राहिली. हॉर्न वाजत होता. माझा हात त्यावर होता हे मला नंतर कळलं.

मी मागे वळून पाहिलं. आई सीटवरून खाली पायाच्या जागेत सरकली होती, डोळे मिटलेले. मी हात मागे नेऊन तिचा खांदा हलवला. मग तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "पोचलो का?"

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाल्यानं पाणी दिलं. मिस्त्रीला फोन करून गाडी ओढून न्यायला सांगितलं आणि मागून आलेल्या काळीपिवळी जीपमध्ये आईला बसवून आम्ही यवतमाळला गेलो, कारण डायलिसिस चुकवून चालत नाही. चार तास मी बाकावर बसलो होतो. भीती हळूहळू रागात बदलली. परवाच तर मिस्त्रीनं गाडी तपासली होती. यानंच सांगितलं होतं, वाजू द्या!

संध्याकाळी आईला घरी सोडून मी गॅरेजवर गेलो. मी नको म्हणत असताना बाबाही सोबत आले. मिस्त्रीनं डावं चाक काढून ठेवलं होतं आणि तो उकिडवा बसून आत बघत होता. मी काही बोलणार एवढ्यात बायकोचा फोन आला, आईला उलटी झाली म्हणून. मी रस्त्यावर जाऊन पाचेक मिनिटं बोललो. परत आलो तेव्हा बाबा त्याच्या शेजारी वाकून उभे होते आणि मिस्त्री उठून फडक्याला हात पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, गलती माह्यी हाय. परवा चाक पाह्यलं, तवा नट ढिला राह्यला माह्या हातानं."

मी हादरलो. नट ढिला राहिला? आणि हा माणूस ते इतक्या सहज सांगतो? मग मी जे बोललो ते सगळं आठवायची माझी इच्छा नाही. गल्लीतली माणसं गोळा झाली. "माझी आई होती गाडीत!" हे मी किती वेळा ओरडलो असेन. जे गाडी थांबवते त्यात कंजुषी नाही करायची, हे त्याचंच वाक्य मी त्याच्या तोंडावर फेकलं. तो मान खाली घालून उभा राहिला. बाबा माझी बाही ओढत म्हणत होते, "जाऊ दे ना बापा, होते मानसाच्या हातानं." दुसऱ्या दिवशी त्यानं नवीन पॅड टाकून गाडी दारात आणून लावली आणि मजुरी घेतली नाही. पॅड कशाला बदलले हे विचारायचंही मला सुचलं नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरं. पण मी शाळेत सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं. त्याच्याकडे गाडी टाकू नका, जीव घेईल. मास्तर सांगतात म्हटल्यावर लोक ऐकतात. मी स्वतः यवतमाळच्या एका चकचकीत गॅरेजमध्ये जाऊ लागलो. तिथे चहा मिळायचा आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवीन बदलावं लागायचं. मिस्त्रीच्या शेडसमोर पूर्वी तीन-चार गाड्या असायच्या, उन्हाळ्यात एक असायची, कधी तीही नाही. जाता-येता तो दिसे. मी मान वळवत असे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी शाळेतून घरी आलो तर अंगणात गाडी धुऊन उभी. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून वर्षभर जू वाहिलेले खांदे चोळायचे आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबा गाडीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्याला तूप-हळद चोळत होते, पळसाच्या पानानं, दोन्ही बाजूंना सारखं. आई खुर्चीवर बसून वाटी धरून होती. गाडीचा खांदा नेमका कुठे, यावर दोघांची बारीकशी वादावादीही झाली होती म्हणे. मला हसू आलं.

"धावते बिचारी माह्यासाठी," आई म्हणाली. "तिले कोन इचारते?"

मग बाबांनी खाटेखालून एक काळपट बाटली काढली आणि तिच्यात चिंधी गुंडाळलेली काडी बुडवली. वास आला, आणि मी एकदम लहान होऊन बंडीच्या मागे चालू लागलो. एरंडीचं तेल, आखाचं वंगण.

"बाबा, हे कायले?"

"चाकाले. मांगं दिल्तं ना हिवाळ्यात, तवापासून पाह्य बरं, आवाज नाई का काई नाई. मिस्त्रीच्या नटाच्या भानगडीत चांगलं दिलेलं वंगण थोडं पुसून गेलं असन, म्हून आता पुन्हा देतो."

"मीच म्हनलं होतं यायले," आई बाबांकडे बघत म्हणाली. "गाडी रडते, तेल द्या म्हनलं. मीच बॅटरी धरली होती."

मी त्या बाटलीकडे पाहिलं, मग डाव्या चाकाकडे. ब्रेकच्या तबकडीवर तेल. फक्त डाव्या चाकाच्या. ब्रेकनं उजवं चाक धरलं होतं, डावं धरलंच नव्हतं. म्हणून गाडी उजवीकडे ओढली गेली होती. म्हणून त्या सकाळी आवाज आला नव्हता, म्हणून बाबा हसले होते. नट कधीच ढिला नव्हता. आवाज नवीन पॅडमुळे गेला होता, आणि ही दोन म्हातारी माणसं आठ महिने समजत होती की ती त्यांच्या वंगणाची करामत आहे.

पहिल्यांदाच असं झालं की मी हादरलो आणि माझा आवाज चढला नाही. "बाबा, चाकं उघडाची हायेत या हप्त्यात," मी कसंबसं म्हणालो. "मंग देऊ." आणि बाटली त्यांच्या हातातून घेतली. ती तशीच हातात धरून मी मिस्त्रीच्या शेडकडे निघालो.

तो एकटाच बसला होता. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली. त्यानं बूच काढून हुंगलं नाही, नुसतं बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"तुमी फोनवर होते," तो म्हणाला. "बाबा माह्याजवळ वाकले अन् हळूच इचारलं, 'तेल आतपावतो पोचलं होतं ना मिस्त्री?' इतक्या खुशीनं इचारलं, सर. मी काय सांगू? मां जी गाडीत होत्या. हे त्यायले समजलं असतं तर जेवन गोड लागलं असतं का त्यायले कधी?"

"पण मी तुम्हाला काय काय बोललो! गावभर..."

"तुमी बोलले," तो म्हणाला. त्यानं ते नाकारलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. बाटली बाजूला सारत पुढे म्हणाला, "मले वाटलं, चार दिवसात विसरसान. तुमी तं विसरलेच नाई."

मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी त्याचे हात धरले, तो ते सोडवून घेत राहिला, ग्रीस लागेल म्हणून. मी म्हटलं, उद्यापासून सगळ्यांना खरं सांगतो. त्यानं नकारार्थी मान हलवली. बाबांचं नाव घ्यायचं नाही, हे त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मग मी एक खोटं रचलं. जिथे जिथे त्याची बदनामी केली होती तिथे तिथे जाऊन सांगितलं, नट-बिट काही ढिला नव्हता, मीच शहाणपणा केला. चाक वाजत होतं म्हणून ब्रेकला तेल लावलं आणि गाडी ट्रॉलीवर जात होती. मिस्त्रीनं माझी अब्रू राखायला स्वतःवर घेतलं. लोक पोट धरून हसले. शाळेत मला पाहिलं की कोणी ना कोणी विचारायचं, "सर, आज वंगण दिलं का?" मी हसून घ्यायचो. ऐकायला वाईट वाटत नव्हतं. मिस्त्रीच्या शेडसमोर पुन्हा गाड्या दिसू लागल्या आणि मीही माझी गाडी त्याच्याकडे परत नेली.

नेर केवढंसं गाव. आठ-पंधरा दिवसांनी बाबा दाढी करायला न्हाव्याकडे गेले आणि न्हाव्यानं त्यांना त्यांच्या मास्तर पोराचा किस्सा रंगवून सांगितला. ब्रेकला तेल लावलं की गाडी थांबत नाही, एका बाजूला पळते, हेही नीट समजावून सांगितलं.

बाबा अर्धी दाढी झालेली तशीच घरी आले. मी व्हरांड्यात वह्या तपासत होतो. ते समोर उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, बैल विकले त्या दिवशीही नाही. एका गालावर साबण वाळलेला होता.

"तेल तं मी दिल्तं," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

"बंडी थांबवाचं काम बैलायचं रायते. चाकाचं काम निस्तं फिराचं. आयुष्यभर तेच पाह्यलं रे. चाक थांबवते बी, हे मले..." ते पायरीवर बसले. मी वह्या टाकून त्यांच्या शेजारी बसलो. गालावरचा साबण पुसत ते म्हणाले, "तुह्या मायले सांगजो नोको. तिनं बॅटरी धरली होती."

त्यानंतर बाबांनी गाडीला हात लावणं सोडलं. सकाळची फेरी बंद, संध्याकाळची बंद. फडकं खिळ्याला टांगलेलं राहिलं. यवतमाळला निघताना ते गाडीपासून दोन हात लांब उभे राहत आणि मी दार उघडून दिलं की मुकाट्यानं बसत. आई एकदा म्हणाली, "चाल नाई म्हनलं तुमी तिले?" ते म्हणाले, "समजते तिले."

परवाची गोष्ट. रस्त्याचं काम चालू आहे, गिट्टी आणि मुरमाची धूळ उडत असते. नाल्याच्या त्याच उतारावर मी ब्रेक दाबला आणि डावं चाक कुरकुरलं. पहिल्यासारखंच, लांबलचक. गाडी सरळ, शहाण्यासारखी थांबली. मी चोरून बाबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, दोन्ही हात मांडीवर, तळवे खाली.

मागून आई म्हणाली, "पुन्हा रडून राह्यली बिचारी. घरी गेलो की द्या ना जी तिले थोडं वंगण. तुमच्या हाताचं बरं लागते तिले."

बाबा खिडकीकडे वळले.

"तेल सरलं," ते म्हणाले.